कंपनीच्या इतिहासाचं सातवं पान

२४ एप्रिल १९२९, निपाणी

काम मिळालं. परशराम अण्णा म्हणाले, "बी.ए. झालास न्हवं? मग आमच्या कंपनीचा इतिहास लिही. बारा पानं. अक्षय्य तृतीयेला कंपनी लिमिटेड करायची. त्या दिवशी वाटू."
सुरुवात कुठून करू, विचारलं.
"बैलगाडीपास्नं कर."
गाडी अण्णांची, ते सांबरे गावचे. तंबू भूपाल आप्पांचा, ते निपाणीचे जैन तंबाखूवाले. दोघं दोस्त गावोगाव सिनेमा दाखवत फिरले. आता स्वतः चित्रपट काढणार.

२७ एप्रिल

आप्पांकडं गेलतो. पावसाळ्यात तंबू बंद का, विचारलं. मला वाटलेलं, चिखल.
"दिव्यावर किडं येऊन मरत्यात रं. बघवत न्हाय."
अण्णाही तिथंच होते, हसायला लागले. "पयल्या वर्षी चालू खेळात दिवा मालवला ह्यानं! लोक काठ्या घेऊन उठली."
लिहून काढलं. झकास पान.
निघताना आप्पा : "फिल्म कशाची करत्यात त्येबी लिही."
मलाच ठाऊक नाही. एवढं शिकून!

१ मे

कोल्हापूरचे कॅमेरावाले दत्तोबा आलेत. त्यांना विचारलं. पट्टी कापसापासून करतात म्हणे. आणि वरचा थर, चित्र धरून ठेवणारा?
"सरस."
झाडाचा?
"गुरांची हाडं, कातडी. उकळून काढतात."
दुसरं काही चालत नाही? "अजून सापडलं नाही."
दुपारभर फिल्मचा तुकडा घेऊन बसलो. वास नाही. शेवटी जीभ लावली. चिकटली.

२ मे

अण्णांना सांगितलं. तोंड उतरलं त्यांचं.
"ठाऊक हाय मला. धा वर्सं झाली."
आप्पांना?
"किड्यापायी दिवा मालवणारा माणूस त्यो. त्याला कळलं तर कंपनीच्या कागदावर सही करंल व्हय? आणि त्याच्याबिगर कंपनी कसली? ते पान लिहू नगंस."
लिहिलं. सातवं पान. लिहिल्याशिवाय मला काय वाटतं ते मलाच कळत नाही. लिहूनही नीटसं...

६ मे

एक गोष्ट. आप्पा फिल्मला हात लावत नाहीत. उपरण्याच्या टोकानं धरतात. किती दिवस बघतोय, आज दिसलं.
दत्तोबा : "बोटांचे डाग पडतात, म्हणून."
पण दत्तोबा स्वतः कडेला बोटानंच धरतात. आणि खेळ संपला की आप्पा आधी विहिरीवर जातात, अंघोळीला.
"उन्हाळा आहे की हो, बी.ए.!" दत्तोबा म्हणाले.
असेल.

९ मे

दुपारी आप्पांची ओसरी. अण्णा शेजारी, तंबाखू मळत.
"वाच बघू, बी.ए.," आप्पा म्हणाले.
सहा पानं वाचली. किड्यांपाशी आप्पा खुदकन हसले. मग सातवं.
"फिल्मची पट्टी कापसाची. तिच्यावर..."
थांबलो. अण्णांचा अंगठा तळहातावर थांबला. आप्पांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं.
"फुडचं पान वाच," म्हणाले.
आठवं वाचलं. बारापर्यंत वाचलं. काय वाचत होतो, देव जाणे.
उठताना धीर करून विचारलं, "आप्पा, सातवं ठेवू का काढू?"
अण्णा माझ्याकडं बघेनात.
"परवा अक्षय्य तृतीयेला त्ये पान संगं आण," आप्पा म्हणाले. "माझ्या सहीच्या आधी ये."