बांधाच्या पोटातलं पाणी

भाद्रपद वद्य ९
सांगते मी, लिहिते स्वाती, माझी नात. शिव्या तेवढ्या गाळते.
भांगाचे दिवस, भरती लहान. खाडीचा बांध बघायचा तर आत्ताच. रघू, माझा लेक, म्हणतो, बघितला, जेसीबीने उंचही केला. माती कुठून काढली? तर बांधाच्या पायातनंच, आमच्या शेताच्या कोपऱ्यातनं! अरे, माती खाडीतनं काढून बांधावर चढवायची असते. बांधाचे पाय कापून त्यालाच टोपी घातली शहाण्याने.
त्यात तो कोपरा म्हणजे जुना खाडीचा फाटा. सासऱ्यांनी बुजवलेला.

वद्य ११
त्या खड्ड्यात पाणी साचलंय. रघू म्हणतो पावसाचं. स्वातीला बाटली भरून आणायला लावली. जिभेवर घेतलं. खारं.
"आये, तुझी जीभच खारट."
"व्हय, तुला वाढवताना झाली."
हसला नाय. भात पोटरीत आलंय, कणसं आता फुटतील. खारं पाणी शिरलं की हे पीक गेलंच, वर दोन-तीन पावसाळे मातीतलं मीठ धुऊन निघेपर्यंत पेरायचंही नाय. गुडघे धड असते तर मीच बांधावर गेले असते...

अमावस्या
सर्वपित्री. कावळा पटकन शिवला. सासऱ्यांना घाई असणार, बांधावर जायचं असेल.
दुपारी बाराची भरती. खड्ड्यात बुडबुडे. रघू धावत आला, तोंड उतरलेलं. पूर्वी हाक दिली की घरटी एक माणूस बांधावर. आज निम्मे कंपनीत, शिफ्टला. चौघे आले. ओहोटीत खेकड्याचं बीळ सापडलं, आरपार. खाडीचा चिखल, पेंढा कोंबून बुजवलं. तेच एक की आणखी हायत, कोण सांगणार?

आश्विन शुद्ध १
घट बसले. उजवीकडे परसातली माती, डावीकडे त्या कोपऱ्यातली. दाणे सारखेच पेरले. माती खारली असेल तर रुजणार नाय.
सून सुनंदा तडकली. "आई, देवीची परीक्षा घेता?"
"देवीची नाय गो. तुझ्या नवऱ्याची."

शुद्ध २
रोह्याहून लेकीचा फोन. चार दिवस ये म्हणे. आत्ता? भरती रोज चढतेय.
रात्री झोप नाय. सकाळी तीनदा घटाकडे गेले. सुनंदाला वाटलं, भक्ती वाढली.

शुद्ध ३
आजचं उधाण सगळ्यात मोठं. रघू आणि ते चौघे सकाळपासनं बांधावर. भाकऱ्या तिकडेच गेल्या.
उजवीकडे कोंब आले, सुईच्या टोकाएवढे. डावीकडे माती तशीच. स्वाती म्हणते, "आजे, तिसराच दिवस हाय." मला शिकवते.
भरतीला अजून तासभर. परत बघून आले. डावीकडचा एक दाणा फुगलाय. फुगलाय का कुजलाय, बोट लावलं की कळेल. पण घटात बोट घालायचं नसतं.
स्वाती, पेन ठेव गो. माझी काठी दे. बांध काही एवढा लांब नाय.