पुढची चाकं ओढत नाहीत

४ ऑक्टोबर. सकाळ.
डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि वर रोज चार ओळी लिहायला सांगितलं. राग वहीवर काढा, माणसांवर नको, म्हणे. मला राग येत नाही. लोक चुकीचं वागतात आणि मी ते मोठ्याने सांगतो, इतकंच.
संकल्प: महिनाभर आवाज चढवायचा नाही.

४ ऑक्टोबर. दुपार.
चढवला. इलाज नव्हता.
चिमणी चिखलाने माखून घरी आली. चिमणी म्हणजे माझी लेक. जनावरांची डॉक्टर आहे, माजलेला बैल एकटी आवरते, पण मला चिमणीच. तिच्या पिकअपचा फोर-व्हील लागत नाही. बटण फिरवलं की डॅशबोर्डवरचा दिवा नुसता डोळे मिचकावतो, वळणावर गाडी हिसके देते आणि पुढची चाकं काही ओढत नाहीत. डोंगरावरच्या वस्त्यांना जायचं तर मागच्या दोन चाकांवर कसंबसं चढायचं. गॅरेजला टाकते म्हणाली. मी म्हटलं, घरात मी जिवंत असताना? ती म्हणाली, बाबा, ओरडू नका. मी ओरडत नव्हतो. व्हरांड्यात आवाज घुमतो.

६ ऑक्टोबर.
मेहुणा आला. ही गेल्यापासून दर सुट्टीला येतो, कुणी बोलावत नाही तरी. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. हातात बिस्किट घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, भावोजी, पुढचे टायर मागच्यांपेक्षा मोठे दिसतात, त्यानेच होत असेल.
पुढचे टायर मी आणलेत! चिमणीच्या वाढदिवसाला! दणकट, खोल नक्षीचे. मागचे अजून चांगले होते म्हणून ठेवले. मी उभा जन्म वजनमापं तपासण्यात घालवला. मी रस्त्याच्या टोकाला दिसलो की दुकानदार तराजू पुसायला लागायचे. आणि हा मला माप शिकवणार! एवढ्याशा फरकाने गाडी रुसत नसते. टेप लावून बघायचीसुद्धा गरज नाही.
त्याला काय बोललो ते लिहीत नाही. अर्धं बिस्किट टाकून गेला.

७ ऑक्टोबर.
कामाला सुरुवात. पद्धतशीर. सगळे फ्यूज काढून पाहिले, ठीक आहेत. मग गाडीची पुस्तिका उघडली. फोर-व्हीलच्या पानावर पहिलंच वाक्य: चारही टायर एकाच मापाचे असल्याची खात्री करा. कंपन्या स्वतःची जबाबदारी कशी झटकतात बघा! पुस्तिका बंद केली. पुस्तिका लिहिणारे गाडी चालवत नाहीत.

९ ऑक्टोबर.
गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे तीच पाठवते. तिचं ऑइल बदललं. थोडं सांडलं. शेजारच्या बाई भांडायला आल्या. त्यांच्या मांजराची काळी पावलं म्हणे त्यांच्या नव्या गालिच्यावर उमटली. मी शांतपणे विचारलं, मांजर माझं आहे का? शांतपणेच विचारलं. समोरच्या बिल्डिंगमधले लोक उगाच गॅलरीत आले.
दिवा अजून मिचकावतोय. चिमणी म्हणाली, बाबा, उद्या गॅरेजला नेऊ का? ‘उद्या’ शब्दावर तिने जो जोर दिला तो मला आवडला नाही.

११ ऑक्टोबर.
सापडलं!
पुढच्या अॅक्सलला हवेच्या दोन बारीक नळ्या जातात, त्यांनी पुढची चाकं जोडली जातात. काढल्या, फुंकल्या, परत लावल्या. कुठली कुठे होती ते लक्षात राहिलं नाही, पण दोन्ही दिसायला सारख्याच, तेव्हा कुठलीही कुठेही चालते. मैदानाला फेरी मारली. हिसके बंद! गाडी लोण्यासारखी वळली.
दिवा मात्र हट्टाने मिचकावतच होता. म्हणजे दिवाच खोटारडा. खोटं माप दाखवणारं यंत्र वापरातून काढायचं, हा आमच्या खात्याचा नियम. बल्ब काढून टाकला.
चिमणीला सांगितलं, झाली दुरुस्त. ती जाता जाता माझा खांदा दाबून गेली. असं तिने किती दिवसांत केलं नव्हतं.
संकल्प: मेहुण्याला फोन करून सांगायचं. आवाज न चढवता. नुसतं सांगायचं.

१३ ऑक्टोबर. दुपार.
वरच्या वस्तीवरून निरोप आला, गाय अडली आहे, वासरू आडवं. चिमणी लगेच निघाली. मी म्हटलं, बिनधास्त जा, गाडी माझ्या हातची आहे.
थोड्या वेळाने तिचा फोन. शेवटच्या चढावर गाडी चिखलात रुतली. मागची चाकं जागेवरच फिरतायत, पुढची ढिम्म. बाबा, फोर-व्हील लागलाय की नाही, दिवाच लागत नाहीये. मी म्हटलं, दिवा मी काढलाय. ती म्हणाली, का? मी नियम सांगू लागलो. ती म्हणाली, ठेवते बाबा, चालत जाते.
औषधांची पेटी किती जड आहे हे मला माहीत आहे. गाडीत मीच ठेवतो.

१३ ऑक्टोबर. संध्याकाळ.
कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर बसून आली. गाय वाचली. वासरू नाही.
मी म्हटलं, ते आधीच गेलेलं असणार. ती म्हणाली, नाही बाबा. मी पोचले तेव्हा जीभ हलत होती त्याची. एवढं बोलून अंघोळीला गेली. जेवण गरम करून ठेवलं होतं, ते झाकलेलंच राहिलं.
रस्ता असा ठेवणाऱ्यांना कोर्टात खेचलं पाहिजे! चढावर खडी टाकायला काय होतं? तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो. ‘विषय’ लिहिलं. पुढे काय लिहायचं ते ठरेना.

१५ ऑक्टोबर.
मेहुण्याने ट्रॅक्टर लावून गाडी ओढून काढली आणि चिमणीबरोबर गॅरेजला नेली. चारही टायर एका मापाचे घातले. नळ्या उलट्या लागल्या होत्या, त्या सुलट केल्या. दिवाही बसवला.
गाडी सोडायला तो आला तेव्हा मी तयारच होतो. ‘भावोजी, मी म्हटलं होतं ना’ असं तोंडातून निघायचा अवकाश, मी त्याला दाराबाहेर काढणार होतो. वाक्यंसुद्धा ठरवून ठेवली होती. त्याने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि काही न बोलता गेला.
हलकट माणूस.

१८ ऑक्टोबर.
चिमणी वर डोंगरावर राहायला जाणार. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यामागे एक खोली रिकामी आहे. म्हणाली, त्या दिवसामुळे नाही हो बाबा; अवेळी बोलावणं येतं, इथून पोचायला फार वेळ लागतो. मी म्हटलं, अगदी बरोबर, मीच सुचवणार होतो.
सामान भरताना दोरी बांधण्यावरून मी जरा बोललो. कपाट असं बांधतात का? गाठ मीच मारली. मी पाणी प्यायला आत गेलो, खिडकीतून पाहिलं तर ती गाठ सोडून पुन्हा बांधत होती.
बाहेर जाऊन ओरडणार होतो. गाडी निघेपर्यंत आतच थांबलो.

२१ ऑक्टोबर.
चिमणीला फोन केला. गाडीची चौकशी करणं माझं कामच आहे. विचारलं, चढावर फोर-व्हील लागतो ना? लागतो बाबा. वळताना हिसके? नाहीत. खालून घरघर? नाही. स्टिअरिंग जड लागतं का? नाही हो, एकदम छान चालते.
तिच्या मागे कुठेतरी गाय हंबरत होती. ती म्हणाली, आणखी काही, बाबा?
गाडीत आणखी काय बिघडू शकतं ते मला सुचेना.