आत्याचा मोतीबिंदू आणि महासंकटाचा सराव

ताईस धाकट्या भावाचा प्रभूमध्ये सलाम, वि. वि. तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि भावजींचा खोकला व खुद्द भावजी दोघेही ताळ्यावर असतील, अशी आशा आहे. आम्ही सगळे सुखरूप आहोत आणि अजून पृथ्वीवरच आहोत. (हे मुद्दाम का लिहिलं ते पुढे कळेल.) तुझं आणि आत्याचं बोलणं बंद होऊन तीन वर्षं झाली, तेव्हा तिची वकिली करायला हे पत्र लिहिलेलं नाही, हेही आधीच सांगून टाकतो. मला फक्त मन मोकळं करायचंय आणि आज दुकानात गिऱ्हाईक नाही.

तर आत्याच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत. चष्म्याचं दुकान माझं, आणि जिनं आईच्या मागे आपल्या दोघांना वाढवलं तिलाच मी काही करू शकत नाही, कारण आता काचेचं काम राहिलेलं नाही, ऑपरेशनच हवं. डॉक्टरीणबाई म्हणतात, आणखी सहा महिने दवडले तर डावा डोळा हातचा जाईल. आत्या ऐकत नव्हती. तिच्या नव्या चर्चचे उपदेशक शिकवतात की जगाच्या अंती महासंकटाची सात वर्षं सुरू व्हायच्या आधीच कर्णा वाजेल आणि प्रभू आपल्या लोकांना वर उचलून घेईल. (हे सगळं रंगवलेला तोच तो भिंतीएवढा कापडी तक्ता, ज्याला तू भर सभेत हसलीस आणि हा अबोला ओढवून घेतलास.) वर गेल्यावर नवं शरीर मिळणार, नव्या शरीराला नवे डोळे असणारच, मग जुन्याला ठिगळ कशाला, असा तिचा सवाल. परवा ती चहात साखर म्हणून मीठ घालून प्यायली आणि चहा बिघडला म्हणून दुकानदाराला नावं ठेवत बसली. मला हसू आलं, आणि लगेच मी उठून मिठाचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

तिची समजूत घालायला मी माझ्या सासऱ्यांना पुढे केलं, ही माझी पहिली घोडचूक. सासरे अग्निशामक दलातून निवृत्त झालेले, तिथल्या बँडमध्ये बिगूल वाजवायचे. त्यांचं मत असं की उचललं जाणं आहे, पण महासंकटानंतर. आधी सात वर्षं सगळ्यांनी सोसायची. म्हणून आमच्या पलंगाखाली मेणबत्त्या, डबाबंद मटार आणि पाण्याचे कॅन आहेत. (मी कुशीवर वळलो की मटार वाजतात.) त्यांनी आत्याला सांगितलं, त्या सात वर्षांत जगावर राज्य करणाऱ्या श्वापदाची खूण ओळखायला तरी डोळे धड हवेत. आत्या म्हणाली, मी असणारच नाही, तुम्ही ओळखा. मग मी आपल्या जुन्या पाळकसाहेबांना बोलावलं, ही दुसरी. ते सौम्यपणे म्हणाले की त्यानंतर येणारं प्रभूचं हजार वर्षांचं राज्य बोटांवर मोजायचं नसतं, ते एक चित्र आहे. त्यासरशी एकमेकांशी भांडणारे ते दोघे एका बाजूला झाले आणि पाळकसाहेब अर्धा चहा टाकून, छत्री विसरून गेले. माझं मत कुणी विचारलं नाही. प्रभू यायचा तेव्हा येईल, तोवर मी दुकान वेळेवर उघडतो, एवढंच ते आहे.

आता गेल्या रविवारचं ऐक. दुपारी सासऱ्यांनी महासंकटाचा सराव काढला. नियम असा की बिगूल वाजला की असाल तिथे अंगावरचे कपडे उतरवून जुने जाड कपडे एकावर एक चढवायचे आणि मागच्या जिन्याने दुकानाखालच्या कोठीत जाऊन पाऊण तास गप्प बसायचं. मी सोफ्यावर पेंगत होतो, बायको भांडी घासत होती. बिगूल वाजला. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून आम्ही गेलो. नळ तसाच राहिला.

नेमकी त्याच वेळी आत्या पुढच्या जिन्याने वर येत होती. तिने कर्णा ऐकला. वर येऊन पाहते तर नळ वाहतोय, सोफ्यावर माझा सदरा, विजार आणि त्यावर चष्मा, मोरीपाशी माझ्या बायकोचा झगा आणि पेल्यात सासऱ्यांची कवळी. कवळीने तिची खात्रीच पटवली. नवे दात मिळाल्याशिवाय माणूस कवळी सोडून जाईल कशाला?

आम्ही परत आलो तेव्हा मी दोन ओव्हरकोट, माकडटोपी आणि गमबूट अशा थाटात पुढे होतो. आत्याने नळ बंद करून सगळ्यांचे कपडे घडी करून ठेवले होते आणि माझा सदरा मांडीवर घेऊन ती गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना करत होती. ताई, मला वाटलं ती रडगाणं गात असेल, मी कशी राहिले म्हणून. तसं नव्हतं. ती आभार मानत होती. रविवारी पत्ते कुटणारं माझं पोरगं पोचलं, मी राहिले तरी चालेल, असं म्हणत होती. मला हुंदका आवरला नाही. तो ऐकून तिने वळून पाहिलं, तिला दारात धूसर, केसाळ असं काहीतरी दिसलं, आणि श्वापद समजून तिने पाळकसाहेबांच्या छत्रीने मला बडव बडव बडवलं. मी ओरडलो तेव्हा आवाज ओळखला. “हात्तिच्या! तू होय!” असं म्हणाली. इतकी निराशा मी दहावीच्या निकालानंतर कुणाच्या तोंडावर पाहिली नव्हती. मग माझ्या गळ्यात पडून रडली.

संध्याकाळी तिने स्वतःच विषय काढला. भाचा आणि श्वापद यांतला फरक कळेना, तर ऑपरेशन केलेलं बरं. धर्मशास्त्र जिथल्या तिथे आहे, सासऱ्यांचा बिगूल मात्र मी कुलपात ठेवलाय.

भावजींना सलाम, मुलांना पापे.

तुझा धाकटा

ता. क. ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. सहज कळवलं.

ता. क. दुसरा : तिची एक अट आहे. डोळ्याला पट्टी असताना हात धरून बसायला असं माणूस हवं जे कर्णा वाजला तरी हमखास मागेच राहील. रविवारपासून माझा भरवसा वाटत नाही म्हणते. तिने फार विचार करून तुझं नाव सुचवलंय.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार तोच ती दुकानात आली. वरची अट खरी धरू नकोस, असं तुला लिहायला सांगितलं. पट्टी सुटली की आधी ताईचं तोंड बघायचंय, तेवढा वेळ प्रभू थांबेल, असं म्हणाली. बुधवारच्या गाडीने ये.