काचेवर चिकटवलेला दाणा

आबा,

मी वरणगावला निघालोय. कॉफी भाजायच्या मशीनची सेटिंग बदलून ठेवलीय. आच थोडी कमी केली, वेळ बारा मिनिटांवर लावली. मशीन आपोआप बंद होईल. मशीनच्या काचेवर एक भाजलेला दाणा चिकटवलाय, तसाच रंग यायला हवा. "दाण्यांची तडतड ऐकू आली की बंद करा" हे माझं सांगणं सोडून द्या. शेंगदाणे तुम्ही वासावर भाजता, त्यातला एकही करपत नाही.

तीन घाणे जळाले म्हणून काल मी नको ते बोललो. आज सकाळी कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी तुम्ही शेजारीच पेपर वाचत होतात. गॅस मी बंद केला.

संध्याकाळी दारातून हाका मारणार नाही. आत येऊन तुमच्यासमोर बसेन.

पियुष