दाताला लागलेली खरखर

सोमवार, ४ मार्च

आली! माळ आली! माझ्याच टेबलावर, बेचाळीस नंबरची चिठ्ठी लावून. देव असलाच तर आज माझ्या बाजूने आहे.

थोरल्या जाऊबाईंनी लिलावाला दिली आहे. फॉर्मवर सही त्यांचीच — ती शेपटी मी कुठेही ओळखेन. मी इथे पारखी म्हणून बसते हे त्यांच्या गावीही नसणार. पंधरा वर्षांत आमचं एका अक्षराचं बोलणं नाही.

माळ सासूबाईंची. त्या गेल्या, वाटणीला सगळे बसले आणि सराफ म्हणाला, "मोती काचेचे आहेत." शेवटची मी घातली होती. कपाटाची किल्लीही माझ्याकडे. जाऊबाई म्हणाल्या, "घरात उंदीर तर नाहीत. मग मोती खाल्ले कोणी?" सगळे हसले! आठवड्याभरात आम्ही वेगळं बिऱ्हाड केलं. पुढे मी हे काम शिकले ते त्या हसण्यापायी.

आता माझी पाळी.

मंगळवार, ५ मार्च

ठरलं. काय लिहायचं ते ठरलं.

माळ एका नावाजलेल्या डिझायनर बाईंच्या हातची. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या वस्तूंवर लोक तुटून पडतात. चांदीच्या खाचांत काळसर रंग मुद्दाम ठेवायच्या, उजळू द्यायच्या नाहीत. कडीच्या मागे एवढासा पानाचा शिक्का. त्या पानाचेच तर पैसे! मोती काचेचे असले तरी नुसती चांदी चांगली किंमत आणेल.

आणेल कशी? मी लिहिणार — "शिक्का संशयास्पद." दोनच शब्द. मग बसा म्हणावं, माळ गळ्यात घालून.

ह्यांना काही बोलले नाही. बोलले की "जाऊ दे ना आता" सुरू. पंधरा वर्षं हाच जप! भावाकडे जातात, चहा पिऊन येतात. मी मात्र त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

गुरुवार, ७ मार्च

नीट लिहिते.

अहवालात मोत्यांची ओळ भरायची म्हणून एक मोती दातावर घासला. काच दातावरून सुळकन सरकते. खरा मोती खरखरतो, बारीक वाळूसारखा. हा खरखरला! दुसरा घासला, तिसरा घासला. सगळे खरे!!

म्हणजे चोरी झालीच नव्हती. जाऊबाईंनी सराफाला हाताशी धरलं आणि मला चोर ठरवलं! का? तर किल्ली माझ्याकडे होती म्हणून. बाईच्या पोटात किती विष असावं!

आता गंमत बघ. मोती नकली लिहिले तर मी चोर ती चोरच, वर माझ्याच सहीने. खरे लिहिले तर माझी अब्रू परत, पण किंमत तिप्पट आणि पैसा सगळा जाऊबाईंच्या पदरात. वा रे न्याय!

पण खरेच लिहिणार. घ्या पैसे. फक्त आधी चारचौघांत तोंड काळं करून जा. उद्या अहवाल न्यायला येणार आहेत त्या.

शुक्रवार, ८ मार्च

आल्या. मी ओळखलंच नाही आधी. माझ्या डोक्यात जाऊबाई अजून धिप्पाड होत्या, ह्या तर हातात काठी घेऊन आलेल्या. मला बघून जागीच थबकल्या. "तू? इथे?"

मालक होते, दोन गिऱ्हाइकं होती. मला हवं होतं तसंच. उभी राहिले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "जाऊबाई, मोती खरे आहेत. पंधरा वर्षं मला चोर म्हणालात!"

वाटलं होतं, रडतील. नाहीतर भांडतील. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "खरे कसे असतील गं? मी तर फॉर्मवर लिहून दिलंय."

मालकांनी फॉर्म उलटा केला. मागे त्यांच्याच अक्षरात — "मोती काचेचे आहेत. चांदीचीच किंमत करावी." मी मागची बाजू बघितलीच नव्हती! सही दिसली आणि माझं डोकं फिरलं.

मालक हळूच म्हणाले, "बाई, वेज तपासलंत का?" वेज म्हणजे मोत्याचं भोक. नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो आम्ही ते. मी नव्हतं तपासलं. दाताने मला हवं ते सांगितलं आणि मी थांबले.

सगळ्यांसमोर भिंग लावलं. जुन्या मोत्याचं वेज दोऱ्याने झिजतं, कडा गुळगुळीत होते. ह्यांच्या कडा कोऱ्या करकरीत. शिवाय चांदीच्या वाट्यांत मोठ्या मोत्याचा ठसा पडलेला, आणि हे मोती त्यात डुगडुगतात. दोराही नवा. मोती खरे, पण सासूबाईंचे नव्हेत. कोणीतरी आत्ता आत्ता ओवलेत.

काचेचे काढून खरे कोण घालतं? असा सराफ अजून जन्माला यायचाय!

जाऊबाई भिंगातून बघत राहिल्या. म्हणाल्या, "मला काहीच कळत नाही बाई. मधे एकदा कडी दुरुस्तीला गेली होती माळ, तेवढीच." जाताना दारात थांबल्या. "पण त्या दिवशी काचेचेच होते गं. मी खोटं बोलले नव्हते."

आणि माझा विश्वास बसला. हेच जास्त झोंबलं.

रविवार, १० मार्च

अहवालात खरं तेच लिहिलं. चांदी अस्सल, शिक्का अस्सल, मोती खरे पण नंतर घातलेले. सूड राहिला बाजूला. आता घ्यायचा तरी कोणावर?

सोमवार, ११ मार्च

सकाळी जाऊबाईंना फोन केला. विचारलं, कडी दुरुस्तीला माळ कोण घेऊन गेलं होतं? "भाऊजी. तुमच्या इथेच लिलावाला द्या, हेही तेच म्हणाले. का गं?"

काही नाही म्हटलं.

नवरा आंघोळीला गेलाय. बाहेर आला की विचारणार आहे — पहिले मोती कुठे विकलेस रे?