मोजणीबाईंची बदली

३ मार्च, सोमवार
साहेब जूनमध्ये रिटायर होणार. पुढचा विभागप्रमुख कोण? माझ्याशिवाय आहेच कोण! ज्युनियर बाई हुशार आहे, पण एका ऑपरेशनला इतका वेळ लावते की पेशंट टेबलावरच म्हातारा व्हावा. सर्जनची किंमत वेगावर ठरते. संकल्प : आवाज चढवायचा नाही.

४ मार्च
आवाज चढला. कारण थिएटरच्या मोठ्या सिस्टर. मी त्यांना मनात मोजणीबाई म्हणतो. पोट शिवण्याआधी ही बाई रक्त टिपायचे मॉप मोठ्यांदा मोजते. एकदा नाही, दोनदा! तोवर मी हातात सुई धरून खांबासारखा उभा. म्हटलं, बावीस वर्षांत माझा एकही मॉप आत राहिलेला नाही. म्हणाल्या, मोजते म्हणूनच, सर. उर्मट! सगळे मास्कआड हसले. मला डोळ्यांवरून कळतं.

१० मार्च
घड्याळ लावून पाहिलं. मोजणीबाई एका ऑपरेशनमागे माझी साडेसहा मिनिटं खातात. अधीक्षकांना तीन पानी तक्रार. बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, पण त्या बाईंचं नेमकं चुकलं काय? घरातसुद्धा फितुरी.

१७ मार्च
बदली झाली! मोजणीबाई आता ओपीडीत, ड्रेसिंगला. जाताना नव्या नर्सला म्हणाल्या, मोठ्यांदा मोज, घाबरू नकोस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गेली उडत. नवी नर्स गुणी आहे. कशालाही 'हो सर'.

२० मार्च
इमर्जन्सी. एक शिंपी, आतड्याला पीळ. पन्नास मिनिटांत काम खलास! शेवटी नवी नर्स 'सर, एक...' एवढंच म्हणाली. मी मान वर करून नुसतं पाहिलं. मग म्हणाली, काही नाही सर. याला म्हणतात शिस्त.

२३ मार्च
शिंप्याने स्वतःचे टाके बघून कौतुक केलं. म्हणाला, हात साफ आहे साहेब. जाणकार माणूस. थोडा ताप आहे. असतोच.

२६ मार्च
ताप हटत नाही. पोट फुगलंय, उलट्या. कारणं उघड आहेत : वॉर्डातली अस्वच्छता, चोरून खायला घालणारी त्याची बायको, आणि माणूस मुळात रडका. ज्युनियर म्हणाली, एक्स-रे काढू या. म्हटलं, मला शिकवू नका. तरी तिने परस्पर काढायला सांगितला. काय ही मिजास! तिच्याविरुद्ध तक्रार लिहायला घेतली आहे. पहिलं पान झालं.

२७ मार्च, सकाळी ९
मॉपमध्ये एक्स-रेत दिसावा म्हणून एक खास दोरा असतो. शिंप्याच्या फिल्मवर तसलंच काहीतरी वेडंवाकडं. फिल्म खराब. टेक्निशियनला झाडलं.

११.३०
दुसरी फिल्मही खराब.

१२.१५
मशीन बिघडलंय का, विचारलं. टेक्निशियनने दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवल्या. नव्या नर्सला शोधलं, तर कपडे बदलायच्या खोलीत रडत बसलेली. म्हणाली, एक कमी होता सर. मग तेव्हा बोलली का नाहीस, म्हणून ओरडलो. म्हणाली, बोलले होते.

दुपारी ४
पोट पुन्हा उघडावं लागणार. ठरवलं : मीच उघडायचं, झटपट, बोभाटा व्हायच्या आत. चाळीस मिनिटं पुरे.

शिंप्याला सांगायला स्वतः गेलो. आत थोडं कापड राहिलंय, असं सौम्य शब्दांत. तो म्हणाला, मोजलं नव्हतं का? आम्ही गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा चढवायच्या आधी टाचण्या मोजतो हो, साहेब. त्याची बायको भिंतीकडे तोंड करून रडत होती. मला लाज वाटली. लिहून ठेवतो, उद्या खोडता येईल.

संमतीचा कागद पुढे केला. त्याने पेन घेतलं, पण सही करेना. विचारलं, ऑपरेशन कोण करणार? मी घसा साफ केला. तेवढ्यात तोच म्हणाला, तुम्ही नाही ना?

नाही, म्हटलं.

मग त्याने सही केली.