फोटोच्या पाटीवर तुमचं नाव

प्रिय आत्याबाई,

पाया पडते. तुमच्याच घरात, तुमच्याच उंबऱ्यापाशी बसून लिहून राह्यले. रागावू नका. हो, कुलूप मीच काढलं! तीन महिने घर बंद ठेवा म्हणून महाराजांनी बजावून सांगितल्तं, आणि तुम्हाला जाऊन दोन महिनेही पुरे न्हाईत. पण आज दुपारी सरकारची माणसं येऊन गेली, आणि तुमच्या नावानं मी असं काम करून बसले की ते तुम्हाला सांगितल्याबिगर मला घास उतरायचा न्हाई. सुनेनं गेलेल्या सासूला पत्र लिहावं! कुणी बघितलं तर येडी म्हणतील. म्हणू द्या.

दिवेलागणीच्या आत संपवायचं हाय. दोन दिवस चूल पेटवून राह्यले, पण या घरात दिवा लावायची छाती अजून झाली न्हाई.

तुम्ही गेलात ती वेळच वाईट निघाली बघा. पंचक, त्यात नक्षत्रही खराब. महाराजांनी पंचांग मिटलं आणि तोंडच पाडलं. म्हणाले, असं गेलेलं माणूस मागून घरातली आणखी माणसं बोलावतं. कणकेचे पाच पुतळे करून तुमच्यासंगं दिले, तरी म्हणाले, तेरावा झाला की घर सोडा. आत दिवा न्हाई, चूल न्हाई, माणूस न्हाई. तुमचा लेक लहान पोरासारखा भ्याला. गोदामात बियाण्याचं पोतं एकट्यानं उचलणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला कुलपात किल्ली फिरवता येईना.

आणि मला तर हसू आलं तेव्हा. खरं सांगते, रडता रडता हसू आलं. या घराला कुलूप? आत्याबाई, बारा वर्षांत मी या दाराला कुलूप बघितलं न्हाई! मालधक्क्यामागच्या आपल्या वस्तीत घर मोकळं सोडणं म्हणजे घर देऊन टाकणं, हे तुम्हीच मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं. लग्नाला जायचं तर निम्म्यांनी जायचं. माझ्या सख्ख्या भावाच्या हळदीला तुम्ही आला न्हाईत, मी आठ दिवस फुगून बसल्ते. "शोभे, तुझा भाऊ उद्याही राहील. हे पत्रे उद्या राहतील का, ते मला माहीत न्हाई," असं तुम्ही म्हणाल्यात. तेव्हा मला तुमचा लई राग आला. आता येत न्हाई.

सरकारची माणसं घरं पाडायला आली होती तो दिवस आठवतो का? पुष्पी माझ्या पोटात होती. मशीन गल्लीच्या तोंडाशी येऊन घुरघुरत होतं, बाया रडून राह्यल्या होत्या, आणि तुम्ही दारातच चूल मांडून वर वरणाचं पातेलं ठेवलं. साहेब म्हणाला, "आजी, उठा." तुम्ही म्हणाल्यात, "उठते की, डाळ शिजू द्या. पोटुशी बाई उपाशी हाय." अन् तो खरंच घड्याळ बघत उभा राह्यला! तेवढ्यात कोर्टाचा कागद घेऊन कुणीतरी पळत आलं आणि मशीन माघारी फिरलं. वस्तीतल्या लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं. रात्रभर तुमचे हात गार पडल्ते, ते फक्त मलाच माहीत. मी तुमचे तळवे चोळत बसल्ते.

तर आता या घराची गोष्ट ऐका. आम्ही भोकरदनला माझ्या भावाकडं गेलो. वहिनी वाईट न्हाई, पण दोन खोल्यांत दहा माणसं. पुष्पीनं एकदा दुधाचं भांडं सांडलं तर सगळं घर गप झालं. दुसऱ्याच्या घरात पोरगी दबून चालायला लागली हो! तुमची पुष्पी, जी तुमच्या पानाच्या चंचीतून बिनधास्त बडीशेप चोरायची.

परवा भावाच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन आला. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या आपल्या सुमनबाई स्टेशनाजवळच्या एसटीडीवरून ओरडून राह्यल्या होत्या. "शोभा, जल्दी ये! घरकुलाची पाहणी लागली. रिक्षातून पुकारून गेले, घर बंद दिसलं की नाव कमी. मालक हजर पाहिजे. तुमच्या कुलपावर कुणीतरी खडूनं फुली मारलीय!"

आत्याबाई, फुली म्हणजे घर यादीतून गेल्यातच जमा.

इतकी वर्षं आपण त्या पाहणीची वाट बघितली. दारावर नंबर रंगवून गेले, तो पावसानं गेला. पुन्हा रंगवून गेले. कधी म्हणाले पक्कं घर इथंच बांधून देऊ, कधी म्हणाले गावाबाहेर माळावर. तुम्ही रेशनकार्ड, वीजबिल, मतदानाची चिठ्ठी सगळं पिशवीत घालून उशाखाली ठेवायच्या. आणि ते आले तेव्हा घराला कुलूप!

मी यांना म्हणाले, चला. हे उठले न्हाईत. म्हणाले, "आई गेली. आता पोरगी जाऊ दे म्हणतीस का?" ते काही आळशीपणानं म्हणत न्हाईत. भ्यालेत. मी म्हणाले, घर गेलं तर पोरीला घेऊन कुठं राहायचं? नव्या जालन्यात भाड्याची खोली कुणी देतं का आपल्याला? तर म्हणाले, "जिवंत राह्यली तर कुठंही राहील."

मी त्यांच्या खिशातून किल्ली काढून घेतली. त्यांनी बघितलं, पण हात धरला न्हाई. पुष्पीला भावाकडंच ठेवलं. एसटीत बसले तेव्हा मनात म्हणाले, आत्याबाई, न्यायचंच असेल तर मला न्या. मंग बस राजूरला थांबली आणि मी घाबरून म्हणाले, मलाही नका नेऊ, पोरीची वेणी कोण घालणार?

इथं एक विचारू का? रागावू नका. मागल्या गल्लीतले बाबा असेच पंचकात गेल्ते. त्यांच्या घरच्यांना घर सोडायला कुणी लावलं? तुम्ही! त्यांची सून नको नको म्हणत होती, तुम्ही तिला शपथ घातली. महिन्याच्या आत दुसऱ्यांनी कुलूप तोडून तिथं संसार मांडला. ती बाई अजून मालधक्क्याच्या भिंतीला पत्रा टेकवून राह्यते. त्यानंतर तुम्ही पाण्याला तिकडून जायचं सोडलं, लांबच्या नळाला जायला लागलात. मी विचारलं तर म्हणाल्यात, तिथलं पाणी गोड लागतं. तुम्हाला रुखरुख लागली होती ना? एकदा तरी तिला तसं सांगायचं होतं हो. आता ते पण माझ्याकडंच राह्यलं.

कुलूप काढलं तेव्हा सुमनबाई मागं उभ्या होत्या. आत तुमचं हिरवं लुगडं दोरीवर तसंच. चंची खिळ्याला. मी एक पाय आत टाकला आणि वरचा पत्रा कडाड् वाजला! मी किंकाळी फोडून थेट गल्लीत. पायातली चप्पल आतच राह्यली. सुमनबाई म्हणाल्या, "अगं, ऊन लागलं की पत्रा वाजतोच. रोज वाजतो." मंग माझ्याकडं बघून हळूच म्हणाल्या, "आमच्यात पंचक न्हाई पाळत. पण भ्या आम्हाला पण वाटतंच की. चल, मी बसते तुझ्यासंगं."

चूल पेटवायला मला तीन काड्या लागल्या. पेटवावी तर लागणारच होती. माणूस राहतंय की नुसतं दार उघडून बसलंय, हे ते लोक चुलीवरून बघतात म्हणे. धूर वर जाऊन राह्यल्ता आणि मी पुष्पी, पुष्पी म्हणून राह्यले होते. दुपारी पळत जाऊन भोकरदनला फोन लावला. पोरगी म्हणाली, "आई, मला शिंक आली." आत्याबाई, एका शिंकेनं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. शिंकच होती. पण त्या एसटीडीवाल्यानं मला स्टुलावर बसवून पाणी पाजलं.

आज दुपारी ते आले. तिघं होते. एक साहेब, एक यादीवाला, एक कॅमेरावाला. मी पदर नीट केला. सकाळपासून गल्लीत एकच चर्चा. कुणी म्हणे, मालक मयत असला की घर कटतं. कुणी म्हणे, वारसाचं नाव लागतं. कुणी म्हणे, लागतं पण आधी बाहेर काढतात, मंग कागद फिरत राहतात. खरं काय ते कुणालाच माहीत न्हाई! विचारावं तर साहेबाच्या मनात नसलेलं त्याला सुचायचं, म्हणून कुणी विचारतही न्हाई. आपण गरीब माणसं अशीच फसतो बघा, न विचारून.

यादीवाल्यानं वाचलं, "कौसाबाई. हजर?"

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ सांगते, खरंच सांगायला उघडलं. माझी सासू, एवढं म्हणायचं होतं. पण पुढचा शब्द गळ्यातून निघेना. त्याला घाई होती. त्यानं पाटीवर खडूनं तुमचं नाव लिहिलं, आपल्या घराचा नंबर लिहिला, आणि पाटी माझ्या हातात दिली. म्हणाला, "छातीशी धरा. वर बघा."

मी धरली.

शेजारी सुमनबाई होत्या. त्यांनी खाली मान घातली. कॅमेरा वाजला. यादीवाला म्हणाला, "सही का अंगठा?" मी सातवी पास हाय, आत्याबाई. तुमच्या दवाखान्याच्या कागदांवर सगळ्या सह्या मीच केल्या. पण कौसाबाई तर अंगठा देते ना? मंग मी अंगठा पुढं केला. त्यानं तो शाईत दाबला, कागदावर टेकवला, आणि साहेब चुलीकडं बघून म्हणाला, "राहतात. बराबर हाय." आणि गेले पुढं. एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली न्हाईत.

शाई तीनदा धुतली, अजून निघाली न्हाई.

घर वाचलं म्हणून आनंद व्हायला पाहिजे होता. त्याऐवजी मला आणखीच थंडी वाजून राह्यलीय. तुमची नोंद यांनी जन्ममृत्यूच्या रजिस्टरात केलीय, त्याच कचेरीत, शेजारच्या खोलीत असेल. दोन कागद कुणी शेजारी ठेवले तर? गल्लीत कुणाशी भांडण झालं, तर पहिलं तोंडावर हेच येणार. पुष्पी शाळेत आजीबद्दल काही बोलली तर? पोरीला काय शिकवू, आजी गावाला गेली म्हण? आणि तुमचं वर्षश्राद्ध? ते या घरात कसं घालायचं? सरकारच्या कागदावर तुम्ही जिवंत, अन् मी इथं तुमचा पिंड मांडून बसणार! लपून, दार लावून घालू का? ज्या बाईनं आयुष्यभर दार उघडं ठेवलं, तिचं श्राद्ध दार लावून?

आणि सगळ्यात वाईट तर हे की मंग मी कोण? त्या यादीत शोभा कुठंच न्हाई. उद्या मला काही झालं, तर कागदावर तुम्ही मराल. मी मरणारही न्हाई आणि जगणारही न्हाई. पुष्पी कुणाच्या नावानं या घरात राहील?

सुमनबाई आत्ता येऊन गेल्या. म्हणाल्या, "तुला कोसत न्हाई मी. तुझ्या जागी मी असते तर मी पण धरली असती पाटी. पण शोभा, खोट्या नावाचं घर म्हणजे रोज कुणीतरी दार वाजवील म्हणून ऐकत बसायचं. तेवढा दम हाय का तुझ्यात?" न्हाई, आत्याबाई. बिलकुल न्हाई. नक्षत्राची भीती तीन महिन्यांनी तरी सरेल, महाराजांनी तशी मुदत दिलीय. या भीतीला मुदत कोण देणार?

ते उद्या मागल्या गल्लीत येणार हायत. तेच साहेब, तीच यादी.

तुमच्या पिशवीत यांनी ठेवलेला त्या नोंदीचा दाखला मी काढून ठेवलाय. तुम्हाला वचन देते, उद्या मी सगळ्यांच्या देखत साहेबापुढं जाईन. म्हणेन, काल ज्या बाईचा फोटो काढला ती कौसाबाई न्हाई, तिची सून हाय, आता सुनेचं नाव लिहा. साहेब रागवेल. कदाचित घर कटेलही. लिहितानाच हात थांबला बघा. कटलं तर तुमच्यासारखी डाळ शिजवत बसायची ताकद माझ्यात न्हाई, मी नुसती रडेन. पण जाईन.

तुम्ही गेल्यापासून सगळे 'गेल्या' म्हणतात, मीही तेच म्हणते. तो एक शब्द काही माझ्या तोंडून निघाला न्हाई. आजही तिथंच अडकला, म्हणून तर हे सगळं झालं. उद्या पहिल्यांदा म्हणेन, तेही त्या यादीवाल्यापुढं. माझी सासू मेली, साहेब. लिहून घ्या.

तुमची सून,
शोभा